अकरा हाका

विंचूर
शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५

ताई,

हे पत्र मी उद्या मनमाडला जाऊन आक्काबाई आत्याच्या हातात देणार आहे. तुझा पत्ता माझ्याकडे नाही आणि जुना नंबर लागत नाही. नवा नंबर आत्याकडे असेल, पण मी तो मागणार नाही. फोनवर मी पटकन काहीतरी बोलून मोकळा होतो. लिहिताना हात थांबतो, म्हणून लिहितो.

काल मी आईचा आवाज ऐकला.

हे वाक्य चार वेळा खोडलं आणि परत तसंच लिहिलं. दुसरं कसं लिहायचं ते सुचत नाही. मला भास झालेला नाही, ताप नाही. सकाळी मोजला.

तुला माहीत नसेल, मी निफाडचा छापखाना सोडला. तिथे लग्नपत्रिका तपासायचो. आता वर्ष झालं, नाशिकला विद्यापीठाच्या संगणक विभागात कंत्राटावर आहे. रोज सातच्या एसटीने जातो. एफ.वाय.ला इंग्रजी राहिलं ते राहिलंच, पण मराठी नीट लिहिता येतं म्हणून जयराम सरांनी घेतलं. हुद्दा तपासनीस.

काम असं आहे. गावोगावच्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून आणलेलं आहे, मशीनला आपली बोली समजावी म्हणून. एक जण ते ऐकून टाइप करतो. टाइप झालेला मजकूर माझ्याकडे तपासायला येतो. मी आवाज ऐकत नाही, नुसतं वाचतो. बोलणाऱ्याचं नाव कळत नाही, फक्त क्रमांक असतो. बोलताना कुणी कुणा माणसाचं नाव घेतलं तर मजकुरात त्या जागी चौकोन टाकतात आणि आवाजात त्या जागी टूं वाजवतात. कुणाच्या घरातलं बोलणं चव्हाट्यावर जाऊ नये म्हणून.

दर गुरुवारी तीन वाजता याच विषयावर व्याख्यान असतं. बाहेरगावचे संशोधक येतात. मी आणि धोंडीराम शिपाई खुर्च्या लावतो, आणि शेवटी प्रश्न विचारणाऱ्यापर्यंत माईक मी नेतो. धोंडीराम दर वेळी विचारतो, "आजचे पाहुणे चहा पिणारे हायेत का नुस्ते इंग्रजी बोलणारे?" मी सगळी व्याख्यानं उभ्याने ऐकतो आणि वहीत लिहितो. तिसऱ्या व्याख्यानात सांगितलं की मशीनला अर्धं वाक्य देतात आणि पुढचा शब्द ओळखायला लावतात. तेव्हा मला आपलं घर आठवलं होतं. आई वाक्य अर्धं सोडायची आणि पुढचा शब्द कुणीच उच्चारायचा नाही.

कालचं सातवं व्याख्यान. आमच्याच प्रयोगशाळेतल्या निकिता मॅडम बोलणार होत्या. विषय, तपासताना काय हरवतं. त्यांनी पडद्यावर दोन मजकूर शेजारी शेजारी लावले. वर लिहिलं होतं, विंचूर, ४१७, स्त्री, वय अंदाजे पंचावन्न. उजवीकडे अकरा चौकोन होते. डावीकडे एक.

मॅडम म्हणाल्या, "ही बाई कुणाला तरी अकरा हाका मारते. आमच्या तपासनीसाने त्यातल्या दहा खाल्ल्या."

सगळे हसले. जयराम सरांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मला तो मजकूर लगेच आठवला. दिवाळीनंतर आला होता. इतके चौकोन बघून मला वाटलं टाइप करणाऱ्याने तोच चौकोन चुकून परत परत टाकला. पत्रिकेत एकच नाव दोनदा आलं की मी एक काढायचो, हात तसाच बसला आहे. एक ठेवला, दहा काढले आणि पुढे पाठवलं. एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं, की कंत्राट जातं की काय.

मग मॅडमनी आवाज लावला.

"टूं! ए टूं! टूं, भाकर झाकून ठेवलीय, टूं, वांग्याचं भरीत केलंय, तुला कमी तिखटाचं काढून ठेवलंय. टूं!"

ताई, ती आई आहे. शेतातून हाक मारताना शेवटचं अक्षर ती वर उचलायची, तसंच. चाळीस सेकंद, एकामागून एक हाका. माझ्या हातातला माईक चालू राहिला होता, ते मला कळलं नाही. माझा श्वास सगळ्या सभागृहात ऐकू जायला लागला. लोक वळून बघायला लागले. धोंडीरामने येऊन माईक हातातून काढून घेतला आणि कानात म्हणाला, "बस खाली, पडशील."

ती कुणाला हाक मारते ते कळत नाही. त्या जागी टूं वाजतं.

तुला कळवावं असं वाटलं, एवढंच. आईने शेवटी तुझ्याबद्दल जे सांगितलं ते मी तुला फोनवर सांगितलं होतं. त्यामुळे तू काही करावंस अशी अपेक्षा नाही. दादा बरे आहेत. त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही.

रविराज

*

विंचूर
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

ताई,

पहिल्या पत्रातून मी एक वाक्य गाळलं. ते आधी लिहितो. चाळीस सेकंदांच्या शेवटी आई म्हणते, "आली का गं?"

हे मी गुरुवारीच ऐकलं होतं. माझ्यासाठी ती गं म्हणणार नाही, हे मला कळतं.

काल मी निकिता मॅडमना जाऊन सांगितलं, ४१७ माझी आई आहे, आणि ती ऑगस्ट २०२३ मध्ये वारली. त्या उभ्या होत्या, खाली बसल्या. "अरे देवा. आणि मी तिथे सगळ्यांना हसवलं," म्हणाल्या. मग त्यांनी पूर्ण रेकॉर्डिंगचा मजकूर काढून दिला. एकोणीस मिनिटं आहे. जानेवारी २०२२ मधलं. त्यांच्या प्रकल्पातली मुलं आपल्याकडे कांद्याच्या खळ्यावर आली होती आणि निवडणाऱ्या बायकांना एकेक करून बोलतं करत होती. आई घरी येऊन म्हणाली होती, सर्वेवाले आले होते. त्यांनी तिला निळी स्टीलची पाण्याची बाटली दिली होती. तीच बाटली घेऊन मी वर्षभर त्याच प्रयोगशाळेत जातो आहे. काल त्यांच्या कपाटात तशा बारा बाटल्या पाहिल्या.

मजकुराची सुरुवात अशी आहे. जसंच्या तसं उतरवतो, यात मी काही सुधारलेलं नाही.

"मावशी, काय पण बोला. घरात बोलता तसं."

"घरात बोलायला बंदी हाय."

"मग घरात बोलत नाही ते बोला."

"नाव घेऊ का मंग?"

इथे मागच्या बायका हसतात, कुणीतरी म्हणतं, घे की गं, म्हाताऱ्याचं नाव घे, उखाण्यात घे. आई म्हणते, "त्याचं कशाला घिऊ." आणि मग पहिला चौकोन.

तू गेलीस त्यानंतरचं तुला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही, म्हणून सांगतो. तू राकेशशी लग्न केल्याचं कळलं त्या रात्री दादांनी आईला नवऱ्याची, म्हणजे स्वतःची शपथ घातली. या घरात ते नाव निघायचं नाही, आणि त्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. दुसऱ्या जातीत गेली ती मेली, म्हणाले. सहा वर्षं झाली, नाव निघालेलं नाही. शेजारच्या वाळूमामाच्या सुनेचं नाव तुझंच आहे, तर तिला आमच्याकडे येवल्याची म्हणतात. टीव्हीवर एका मालिकेत ते नाव आलं तर दादांनी मालिका बदलली. मला सवय झाली. बघ, मीसुद्धा दोन पत्रं लिहिली आणि ताईच्या पुढे गेलो नाही.

आता महत्त्वाचं. टूं नसलेलं मूळ रेकॉर्डिंग एकाच हार्ड डिस्कमध्ये आहे, कुलपात. प्रकल्प संपतो म्हणून शुक्रवारी, २८ मार्चला ती डिस्क पुसणार आहेत. त्यानंतर आईच्या आवाजातलं ते नाव कुठेही राहणार नाही, फक्त टूं राहील. मी विचारलं, मला एकदा ऐकायला मिळेल का. जयराम सर म्हणाले, "बोलणाऱ्याने संमतिपत्रावर ज्याचं नाव दिलं असेल त्यालाच. कागद शोधायला लागतील. आठशे आहेत."

मी मुलगा आहे, असं मी म्हणालो.

ते म्हणाले, "असशील की. कागदावर बघू."

रविराज

*

मनमाड
शनिवार, १ मार्च २०२५

ताई,

आजचं पत्र स्पीड पोस्टाने सरळ तुला पाठवतो आहे. तुझा पत्ता मिळाला. कुठे मिळाला ते वाच.

आज सुट्टी असून जयराम सरांनी मला बोलावलं आणि ४१७ चं संमतिपत्र समोर ठेवलं. खाली आईचा अंगठा आहे. निळ्या शाईचा, एका बाजूला घसरलेला. वरचं सगळं त्या मुलाने तिला विचारून भरलेलं आहे. एक रकाना आहे, बोलणाऱ्याच्या मागे हे बोलणं ऐकण्याचा आणि ठेवण्या-पुसण्याचा हक्क कुणाला. तिथे तुझं नाव आहे. नातं, मुलगी. पत्ता, नांदगाव, रेल्वे फाटकाच्या अलीकडे, पिठाच्या गिरणीच्या वरची माडी.

माझं नाव कुठेही नाही. मी कागद उलटा करूनही बघितला.

"वाईट वाटून घेऊ नकोस," सर म्हणाले.

मी म्हणालो, "सर, आईला हा पत्ता कसा माहीत?"

तिथून उठून मी एसटीने मनमाड गाठलं. आत्या कैऱ्या चिरत होती. मी पत्ता वाचून दाखवला तर तिची सुरी थांबली.

"कुनी सांगितलं तुला?"

"आईनेच."

"ती कशी सांगंल? मेली ना ती?"

मग तिने सांगितलं. आई वर्षातून दोन-तीनदा गुडघ्याच्या औषधासाठी म्हणून आत्याकडे यायची. दोघी मनमाडहून गाडीत बसून नांदगावला जायच्या. आई पाच किलो गहू बरोबर घ्यायची. तुमच्या खालच्या गिरणीत दळण टाकून, नंबर येईपर्यंत बाकावर बसून राहायची. वर कपडे वाळत घातलेले दिसायचे. आत्या म्हणाली, "एकदा तर बारक्या पोरीचं झबलं होतं दोरीवर. तुझी आई म्हनली, मुलगी झाली वाटतं. मी म्हनलं, चल की वर, बघून यू. तर म्हनली, शपथ हाय, उंबरा ओलांडायचा नाय. बाकावर बसू नको असं काय त्यांनी म्हनलेलं नाय."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तू बापाचा पोरगा," आत्या म्हणाली. रागाने नाही, जसं आहे तसं.

मला ठाऊक नव्हतं की तुला मुलगी आहे. तिचं नाव काय?

त्या पिठाच्या पोळ्या मी खाल्ल्या आहेत. आई म्हणायची, मनमाडचं दळण बारीक असतं.

हे पोस्टातच बसून लिहितो आहे, पाकिटावर पूर्ण नाव लिहिल्याशिवाय इथली बाई घेत नव्हती. लिहिलं. एकेक अक्षर इतकं जपून काढलं की तिने विचारलं, परीक्षेचा फॉर्म आहे का.

२८ तारखेपर्यंत तू ये. ओळखपत्र आण. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, संगणक विभाग, दुसरा मजला. मी समोर नको असेन तर मी त्या दिवशी रजा टाकतो. तसं आत्याला कळव.

रविराज

*

विंचूर
सोमवार, १० मार्च २०२५

ताई,

तुझं काही आलं नाही. पोचपावती आली, त्यावर सही तुझीच आहे, जुनीच, खाली दोन टिंबं देऊन.

तू का येत नाहीस ते मला माहीत आहे. मी फोनवर जे सांगितलं होतं त्यामुळे. त्याबद्दल लिहायचं म्हणून तीन दिवस बसलो. आज लिहून संपवतो.

तू फोन केलास तेव्हा ऑगस्टची नऊ तारीख होती, दुपारचे सव्वाचार. आई सरकारी दवाखान्यात होती, खिडकीजवळच्या खाटेवर. मी बाहेर बाकावर होतो. दादा शेजारी बसले होते. तू म्हणालीस, "रवी, आई कशीय? मी निघू का? फक्त तिला विचार, मी येऊ का. ती नको म्हणाली तर नाही येणार."

मी म्हणालो, थांब, विचारतो.

मी उठलो. दाराशी गेलो. आई जागी होती, तिचे डोळे उघडे होते. दादा माझ्याकडे बघत होते, त्यांनी काही विचारलं नव्हतं. मी दारातच उभा राहिलो, विचारायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मनात मोजला. मग फोन कानाला लावून तुला सांगितलं, आई म्हणते येऊ नको.

मी विचारलंच नव्हतं.

तू बरं म्हणालीस आणि ठेवलास. तू रडली असतीस तर कदाचित मी खरं सांगितलं असतं. हे मी तुझ्यावर ढकलत नाही, कसं झालं ते सांगतो.

अजून आहे. मी आत गेल्यावर आईने विचारलं, "कुनाचा फोन होता रे?" मी म्हणालो, राँग नंबर. ती म्हणाली, "लय वेळ बोलत व्हतास राँग नंबरशी." आणि भिंतीकडे वळली. चौथ्या दिवशी ती गेली.

दादांनी मला काही करायला सांगितलं नव्हतं. मी घाबरतो. लहानपणी तू मला विहिरीत पोहायला शिकवत होतीस तेव्हा मी पायरी सोडायचो नाही, तसंच. माझ्याऐवजी दादांना दोष द्यायला बरं वाटतं, पण त्या दारात दादा नव्हते, मी होतो.

माझ्याबद्दल तुला काय वाटेल ते वाटू दे. पण आई येऊ नको म्हणाली नव्हती. ती अकरा वेळा ये म्हणाली आहे, ते रेकॉर्ड झालेलं आहे, आणि अठरा दिवसांनी पुसलं जाणार आहे.

रविराज

*

नाशिक
मंगळवार, १८ मार्च २०२५

ताई,

दहा दिवस राहिले.

आज दुपारी सगळे जेवायला गेले आणि जयराम सर किल्ली कपाटाला विसरले. मी डिस्क काढली. जोडली. ४१७ सापडायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. हेडफोन घातला. कळीवर बोट ठेवायचं तेवढं राहिलं होतं.

मग मी हेडफोन काढला आणि डिस्क जागेवर ठेवली. किल्ली सरांच्या टेबलावर ठेवली. मी भला माणूस आहे म्हणून नाही. आईने मला न विचारता ते तुला दिलं आहे. तुझ्या आणि तिच्या मध्ये मी एकदा उभा राहिलो आहे.

सर किल्ली बघून म्हणाले, "उघडलं होतंस?"

"हो."

"ऐकलंस?"

"नाही."

किल्ली खिशात टाकून ते म्हणाले, "तुझ्यासारखा तपासनीस परत मिळायचा नाही. एप्रिलचं बघतो मी."

कंत्राटाचं मी तुला का सांगतो आहे कळत नाही. ये.

रविराज

*

विंचूर
शनिवार, २९ मार्च २०२५

ताई,

काल तू पाहिलंस ते परत सांगत नाही. तू जिथे नव्हतीस तेवढंच लिहितो. पण त्याआधी दोन गोष्टी, माझ्याकडून कशा दिसल्या त्या.

चार वाजेपर्यंत तू आली नव्हतीस. धोंडीराम डिस्क पुसायच्या यादीवर सह्या गोळा करत फिरत होता. चार वाजून वीस मिनिटांनी जिन्यावर तू दिसलीस, कडेवर मुलगी. मी रजा टाकली नव्हती, कारण आत्याने काही कळवलं नव्हतं. मला वाटलं तू बोलशील, शिव्या देशील. तू म्हणालीस, "निकिता मॅडम कुठे बसतात?" जसं कुणालाही विचारावं. मी बोट दाखवलं.

दार बंद झालं. मुलगी माझ्याजवळ बाकावर बसली. मी नाव विचारलं, तर म्हणाली आरोही. तिने विचारलं, "तू कोण?" मी म्हणालो, तपासनीस. ती म्हणाली, "मला तहान लागली." निळ्या बाटलीतून ती पाणी प्यायली आणि निम्मं अंगावर सांडलं.

एकोणीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. तू पन्नास मिनिटं आत होतीस. पाच वाजून दहा मिनिटांनी बाहेर आलीस, चेहरा धुतलेला होता. माझ्याशी फक्त दोनदा बोललीस. आधी, "अकरा नाहीत. बारा आहेत." मग, "पत्रं लिही. फोन करू नको."

आणि आरोहीला उचलून गेलीस. जिन्यावर ती तुला विचारत होती, तपासनीस म्हणजे काय. तू काय सांगितलंस ते ऐकू आलं नाही.

आता तू गेल्यानंतरचं.

मी आत गेलो. निकिता मॅडम टेबलाशी बसल्या होत्या, हेडफोन गळ्यात. म्हणाल्या, "इकडे ये. कागदावर बाईंनी काय केलंय बघ." संमतिपत्राच्या मागे दोन चौकटी असतात. नाव पुसावे. नाव ठेवावे. आठशे कागदांत कुणी दुसऱ्या चौकटीवर खूण केलेली नव्हती. तुझी खूण बघितली, पेन कागदात रुतलं आहे. खाली लिहिलं आहेस, "जिथे जिथे हे बोलणं जाईल तिथे तिथे माझं नाव जाऊ द्यावे."

मॅडम म्हणाल्या, "आणि बाराव्या हाकेचं खरं आहे. तीन वर्षं मी हे ऐकते आहे, मला कळलं नाही."

ती अगदी शेवटी आहे. मुलगा म्हणतो, मावशी झालं, धन्यवाद. खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मग एक श्वास. टाइप करणाऱ्याने तिथे श्वास लिहिलं होतं आणि टूं वाजवणाऱ्यानेही ते सोडून दिलं होतं. तू मॅडमना ती जागा पाच वेळा लावायला सांगितलीस म्हणे. आता ती हाक त्यांनाही ऐकू येते. श्वास नाही, नाव आहे.

त्यांनी हेडफोन माझ्यापुढे धरला. "बाईंची परवानगी आहे. तुला नाव परत भरायचं आहे, तर ऐकावं लागेल, चालेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, त्यालाच भरू द्या."

मी ऐकलं. त्याबद्दल आज लिहीत नाही. लिहिता येईल तेव्हा लिहीन.

मग चौकोन काढून मी नाव भरलं. नियम असा की जसं उच्चारलं तसंच. पहिल्यांदा संजना. दुसऱ्यांदा ए संजे. तिसऱ्यांदा संजूबाई. भरिताच्या आधी संजू आणि तिखटाच्या नंतर संजनाऽ, लांब, बांधावरून मारायची तशी. अकरा भरून झाली. बाराव्या जागी श्वास हा शब्द होता, तो काढला आणि संजा लिहिलं. ती एवढंच म्हणते. एकही हाक जास्तीची वाटली नाही. मजकूर तीनदा तपासला आणि खाली तपासले म्हणून सही केली.

घरी पोचलो तेव्हा दादा जेवायला बसत होते. मी त्यांचं ताट वाढलं. माझं वाढलं. दारात उभं राहून मनात वेळ मोजत होतो तसं परत मोजायला लागलो, आणि लक्षात आल्यावर थांबवलं.

मी म्हणालो, "दादा, आज संजनाताई आली होती."

त्यांचा हात ताटातच राहिला. मी अंग चोरून बसलो. ताट फेकतील, उठून जातील, मला बाहेर काढतील, सगळं मनात येऊन गेलं. बाहेर वाळूमामाची सून म्हशीला हाकलत होती.

दादा म्हणाले, "कोन?"

ताई, दादांचे कान चांगले आहेत. कांद्याच्या लिलावात मागच्या रांगेतली बोली त्यांना ऐकू यायची.

मी म्हणालो, "संजनाताई."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. तोंडात घातला नाही, बोटांत धरून ठेवला. खाली ताटाकडे बघत होते. नंतर जरा पुढे वाकले, कान माझ्याकडे करून, लिलावात वाकायचे तसे.

"कोन म्हनला?" त्यांनी परत विचारलं.

तुझा,
रवी